आधी आठव, मग बघ

अगं, तुझं वाचून आधी हसू आलं, मग वाटलं नीटच लिहावं. वय ४४, घर घाटकोपरला, नोकरी बीकेसीत, गॅस बंद केला का बघायला दोन जिने उतरून परत वर जातेस, सोसायटीतल्या बायकांची नावं ऐन वेळी तोंडावर येत नाहीत, आईला शेवटी डिमेन्शिया होता म्हणून धसका घेतलायस, बदाम भिजवतेस, ब्रेन गेमचं ॲप पैसे भरून घेतलंस आणि विचारतेस की डोकं तल्लख राहायला रोज अजून काय करू. मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. मी पोस्टात सॉर्टिंगला होते, ३४ वर्षं, आणि लक्षात ठेवायचाच पगार मिळायचा म्हण ना. तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

पहिले गॅसचं. ते विसरणं नाहीच मुळी. तू नॉब फिरवलास तेव्हा डोक्यात डबा, ७.५२ ची गाडी आणि मुलाची वही चालू होती, म्हणजे ती गोष्ट आत शिरलीच नाही, मग बाहेर कुठून येणार? पेटीत पत्र टाकलंच नाही तर पोस्टमनला काय विचारतेस. हे माझंही व्हायचं, एकदा तर मुलुंड स्टेशनपर्यंत जाऊन रिक्षाने परत आले होते आणि गॅस बंदच होता. त्यावर मी जे करते ते सांगते, हसलीस तरी चालेल. नॉबला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "गॅस बंद, मेथी." मेथी म्हणजे त्या दिवशी केलेली भाजी. नुसतं गॅस बंद म्हटलं तर चार दिवसांत तेही तोंडाला सवयीचं होतं आणि आजचं म्हटलेलं की कालचं ते कळत नाही, सगळे दिवस एकमेकांना चिकटतात. भाजी रोज वेगळी असते ना, म्हणून आजचा दिवस सुटा राहतो. जिन्यात शंका आली की विचारायचं, आज काय म्हणाले? मेथी. झालं, निघायचं. जपानमध्ये रेल्वेचे लोक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने बोलतात, त्यांच्याकडच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या प्रयोगात तसं केल्याने चुका जवळपास ८५ टक्के कमी झालेल्या. म्हणजे माझा वेडेपणा अगदीच वेडेपणा नाही. कुलूप, गीझर, बीपीची गोळी, सगळ्याला चालतं. घरात नवरा बघत असतो कुणाशी बोलतेय ते, बघू दे.

आता खरं लक्षात ठेवण्याचं. मी १९८१ ला लागले तेव्हा सगळं हाताने. समोर लाकडी खणांची फळी, हातात पत्रांचा गठ्ठा, पत्ता वाचायचा आणि खणात टाकायचं, वाचायला थांबलीस तर मागे गठ्ठे साचतात. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, ती कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, आपला मराठी माणूस आणि संस्कृतचा मोठा पंडित. पण पिन आला म्हणून लोक लिहायचे असं थोडंच आहे? "प्लाझाच्या मागे, दादर" एवढ्यावर पत्र यायचं आणि ते २८ मध्ये टाकायचं की १४ मध्ये (हे पिनचे शेवटचे दोन आकडे) हे तुझ्या डोक्यात पाहिजे. (दादर पूर्व १४, पश्चिम २८, पूल ओलांडला की दुप्पट. पार्ला पश्चिम ५६ पूर्व ५७, मुलुंड पश्चिम ८० पूर्व ८१. बघ, दहा वर्षं रिटायर होऊन झाली तरी आहे अजून.)

आम्हाला शिकवणारे एक सीनियर होते, बुटके, तंबाखू खाणारे, रागीट. पहिल्या दिवशी त्यांनी कुठला पत्ता कुठल्या खणात त्याचा तक्ता दिला आणि मी आपली घरी नेऊन रात्रभर वाचत बसले, दहादा वाचला, सकाळी वाटलं सगळं येतंय. त्यांनी तक्ता उलटा ठेवला, पत्ते लिहिलेली कार्डं पत्त्यांसारखी पिसून हातात दिली आणि म्हणाले टाक. पन्नासातली वीससुद्धा बरोबर नाही. म्हणाले तक्त्याकडे बघायचं नाही, आधी आठव, चुकलं तरी चालेल, हात खणात गेला पाहिजे, मग बघ. रोज अर्धा तास तेच. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप जायला लागला, डोकं दुसरीकडे असलं तरी.

तेव्हा वाटायचं छळतात. खूप नंतर लेकीने कॉलेजात सायकॉलॉजी घेतलं तेव्हा कळलं की हे सगळं शास्त्रात आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच धडाधडा गळतं आणि मग गळती मंदावते. आणि २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी मुलांचे गट केले, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवणारे पुढे. आमचे तंबाखूवाले साहेब नेमकं हेच म्हणत होते, फक्त शिव्या घालून.

तर माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आपण आठवायचं कामच फोनला देऊन टाकलंय, त्यातलं थोडं परत घे. सगळं नको, लाइट बिलाची तारीख खुशाल फोनला आठवू दे, त्यात कसला पराक्रम. पण घरातल्या पाच माणसांचे नंबर पाठ कर आणि नावावर टॅप न करता आकडे दाबून लाव. दहा आकडे एकदम नाही राहत, तीन-तीन-चार असे तोडून घे, पिन कोड नाही का आपण चारशे... अठ्ठावीस असा म्हणतो. वाण्याची यादी लिही, पण पर्समध्ये ठेव, दुकानात आधी आठवून सांग, शेवटी यादी काढून काय राहिलं ते बघ. भाजीवाल्याने हिशोब करायच्या आत तू कर. भेंडी ८० रुपये किलो, दीड पाव घेतली, तर पावाचे २० आणि अर्ध्या पावाचे १०, झाले ३०. आमच्या वडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत घोकून घेतली होती, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा गं. तेव्हा जीव जायचा, आता यूपीआयवाल्या पोराच्या आधी आकडा सांगते तेव्हा तो बघतच राहतो.

नावांचं पण तेच. नवीन बाई भेटल्या की बोलता बोलता दोनदा नाव घ्यायचं, रात्री आडवं पडल्यावर आठवायचं, परत दोन दिवसांनी, परत आठवड्याने. आणि नाव अडलं तर लगेच व्हॉट्सॲपवर शोधायचं नाही, एक मिनिट झगडायचं. ते झगडणं हाच व्यायाम आहे. आलं नाही तर सरळ विचार, माणसं एवढी रागावत नाहीत.

लांब यादी असेल तेव्हा एक गंमत. आपल्या मुंबईच्या माणसाला न शिकता एक यादी पाठ असते, स्टेशनांची. एकेका स्टेशनावर वाण्याच्या यादीतली एकेक वस्तू ठेवायची. मी मुलुंडपासून धरते. मुलुंडच्या जिन्यावरून रवा सांडलाय आणि लोक घसरतायत. नाहूरला इंडिकेटरवर गाडीच्या ऐवजी तूरडाळीचा भाव लागलाय. भांडुपला तिकीट खिडकीत मास्तरांच्या जागी नारळ बसलाय. कांजूरला लेडीज डब्यात सगळ्या बायकांच्या हातात झाडू. विक्रोळीला फिनेलचा वास येतोय, घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर हिंगाच्या डब्या गडगडत येतायत. जेवढं खुळचट तेवढं पक्कं बसतं. दुकानात उभं राहून मनातल्या मनात स्लो गाडी पकडायची. ही युक्ती माझी नाही हं, जुने ग्रीक आणि रोमन लोक भाषणं अशी पाठ करायचे, घरातल्या एकेका खोलीत एकेक मुद्दा ठेवून. आपल्याला एवढ्या खोल्या कुठे, आपल्याकडे स्टेशनं.

माहितीच्या रस्त्याला मॅप लावू नकोस. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना परीक्षेसाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात आणि २००० साली तिथल्या संशोधकांनी त्यांचे मेंदू स्कॅन केले तर वाट लक्षात ठेवणारा जो भाग असतो, हिप्पोकॅम्पस, त्याचा मागचा भाग इतर लोकांपेक्षा मोठा निघाला. आपल्याला टॅक्सी नाही चालवायची, पण पार्ल्याला मावशीकडे जाताना एकदा डोक्याने जाऊन बघ, चुकलीस तर विचार कुणाला तरी, तेवढंच बोलणं होईल.

तुझ्या ॲपबद्दल. पैसे भरलेस तर खेळ, पण त्याने तू त्या खेळात हुशार होशील, गॅस आठवणार नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने असल्याच एका मोठ्या ॲपकडून २० लाख डॉलर वसूल केले होते, कारण विसरभोळेपणा लांब ठेवतो वगैरे दावे केलेले आणि हातात पुरावा नव्हता. सुडोकूचंही तसंच, मजा म्हणून सोडव. मला पेपरातलं शब्दकोडं आवडतं, ते आठवायला तरी लावतं. बदाम खा, चांगलेच असतात, पण चार बदामांवर एवढा भार टाकू नकोस बिचाऱ्यांवर.

त्यापेक्षा चाल. हे मात्र मी कंटाळा येईपर्यंत सांगीन. २०११ चा एक अभ्यास आहे, १२० वयस्कर माणसं, अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायला लावलं, अर्ध्यांना नुसतं स्ट्रेचिंग, आणि वर्षाने चालणाऱ्यांचा तोच हिप्पोकॅम्पस साधारण दोन टक्के वाढला, दुसऱ्यांचा थोडा घटलाच. तू कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या लाइनीत वीस मिनिटं उभी राहतेस असं लिहिलंयस, तर निदान संध्याकाळी येताना अर्धं अंतर चालून बघ. फुटपाथचं काय ते मला माहितीये, सांगू नकोस, जिथे आहे तिथे चाल. आणि गाडीत घाटकोपर ते कुर्ला दोनच स्टेशनं, तेवढ्यात रील बघण्याऐवजी कालचा दिवस उलटा आठव, रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंत. मी सुरू केलं तेव्हा दुपारच्या पुढे जाताच यायचं नाही.

झोप सहा तासांच्या खाली असेल तर बाकीचं सगळं फुकट, त्यावर जास्त लिहीत नाही, तुला माहितीच आहे.

आईमुळे भीती वाटते ना, तर हे वाच. लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकाने नेमलेल्या कमिशनचा २०२४ चा रिपोर्ट आहे, त्यात १४ गोष्टी दिल्यात, त्या सांभाळल्या तर जगातल्या डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात असा अंदाज आहे. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट, दारू, डोक्याला मार (स्कूटरवर मागे बसतेस तेव्हा हेल्मेट घाल बाई), एकटेपणा, डिप्रेशन, हवेचं प्रदूषण, आणि त्यात मला सगळ्यात पटलेलं म्हणजे कान आणि डोळे. आमच्या घरचं सांगते. नवरा दोन वर्षं सगळं विसरायचा, मी सांगितलेलं तर हमखास. मुलगा म्हणाला न्यूरोकडे नेऊ. एका शहाण्या डॉक्टरने आधी कान तपासायला पाठवलं, तर डाव्या कानाने निम्मं ऐकूच येत नव्हतं. मशीन लावलं. आता त्याला माझं सगळं लक्षात राहतं, आणि जे राहत नाही ते ऐकायचं नसतं म्हणून राहत नाही, त्याला मशीन नाही.

आणि रक्त तपासून घे, मग काय ती काळजी कर. बी-१२ आणि थायरॉइड. माझी बहीण शुद्ध शाकाहारी, शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्यानेही बी-१२ उतरतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शब्द अडायचे, पायाला मुंग्या, सगळे म्हणत वय झालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, दोन-तीन महिन्यांत पूर्वीसारखी भांडायला लागली. सर्दीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनीही डोक्यावर धुकं येतं, घेत असशील तर डॉक्टरांना नावं दाखव.

घाबरायचं कधी, तर चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे न कळणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचं वरण करताना पुढे काय ते न सुचणं, पैशाच्या व्यवहारात गोंधळ, आणि स्वतःला काही वाटत नाही पण घरच्यांना जाणवतंय, असं असेल तर थांबायचं नाही, डॉक्टर. तुझ्या लिहिण्यात यातलं एकही दिसलं नाही. तू स्वतःच्या विसरण्याची एवढी बारीक यादी केलीस, तीही न विसरता, मला तर त्याचंच हसू आलं होतं.

आजपासून एकच कर, पाच फोन नंबर कागदावर आठवून लिही, मग फोन उघडून ताडून बघ आणि कितव्याला अडलीस ते मला कळव. माझा परवा नणंदेचा अडला, शेवटचे दोन आकडे उलटे. आता उठते, नातवाला शाळेतून आणायचंय. गॅस बंद, पडवळ.