‘संपली’ का म्हणू नये

लाडक्या लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ‘आईची कादंबरी संपली’ असे तू कोल्हापूरला मंगळवार पेठेतल्या घरी सांगितलेस आणि आजीने हातातले काम थांबवून ‘संपली म्हणू नये बाळा, पुरी झाली म्हणावं’ असे तुला बजावले. जे संपले त्याला संपले म्हणण्यात काय बिघडते, असा तुझा प्रश्न आहे. शिवाय खर्डा तर भाकरीबरोबर खातात, मग मी कादंबरीला ‘कच्चा खर्डा’ का म्हणते, असेही तू विचारले आहेस.

आपल्याकडे कुंकवाचा करंडा रिकामा झाला तर ‘कुंकू वाढले’ म्हणतात. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, देवापुढचा नारळही फोडायचा नसतो, वाढवायचा असतो, समई विझवायची नसते, शांत करायची असते, आणि घरातून निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. घराचा वास्तुपुरुष प्रत्येक बोलण्याला ‘तथास्तु’ म्हणत असतो, तेव्हा शेवट सांगणारा शब्द जिभेवर येऊ देऊ नये, अशी यामागची समजूत आहे. मला त्या तथास्तूची भीती वाटत नाही. पण इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये इतकी वर्षे काढूनही ‘दिवा विझव’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत, कारण ते माझ्या आईने कधी उच्चारलेले मी ऐकले नाहीत. कादंबरीच्या बाबतीत तर आजीचा शब्द तुझ्या शब्दापेक्षा अधिक अचूक आहे. पुरा झाला आहे तो पहिला खर्डा. आजी तव्यावर भाजलेल्या मिरच्या आणि लसूण वाटीच्या बुडाने रगडते आणि गुळगुळीत होण्याआधीच थांबते. लिखाणाचा खर्डाही तसाच भरड असतो. फरक इतकाच की त्याला पुढे बारीक वाटावे लागते.

हा खर्डा कसा झाला, हे तुला अर्धवटच ठाऊक आहे, कारण तो झाला तेव्हा तू झोपलेली असायचीस. पहाटे पावणेपाच ते सव्वासहा एवढाच वेळ माझा होता. त्यानंतर तुझा डबा, बाबांची पाळी आणि माझे ऑफिस. आठवड्यातून तीन सकाळी हाती लागल्या आणि दर सकाळी दोनशे-अडीचशे शब्द झाले, तर मी तो आठवडा चांगला समजत असे. मार्च-एप्रिलमध्ये वर्षअखेरीचे हिशेब आले की वही सहा-सहा आठवडे बंद राही, आणि पुन्हा उघडल्यावर माझीच माणसे मला परकी वाटत. अशा रीतीने अडीच वर्षांत सहा वह्या भरल्या. या काळात एका शनिवारी तू चित्र दाखवायला आलीस आणि मी मान वर न करता ‘नंतर’ म्हणाले, ते माझ्या लक्षात आहे. ते चित्र मी नंतर पाहिले, पण तू तेव्हा ते दाखवत नव्हतीस. त्या दिवसापासून शनिवारी वही उघडायची नाही, असे मी ठरवले आणि ते पाळले.

हिवाळ्यात इथे पावणेपाच वाजतात तेव्हा कोल्हापुरात सव्वादहा झालेले असतात आणि आजीची पूजा आटोपलेली असते. माझी कादंबरी गुऱ्हाळाविषयी होती, पण लहानपणी गुऱ्हाळात मी काकवी खाण्यापलीकडे काही पाहिले नव्हते. काहिलीतला, म्हणजे मोठ्या पसरट कढईतला, रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि ती काढत राहतात. पाक तयार झाला की नाही, हे थेंबभर गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते पाहून ठरवतात. मग काहील निववायच्या उथळ वाफ्यात ओततात आणि निवत आलेल्या गुळाच्या ढेपा बांधतात. हे सर्व मला आजीने फोनवर सांगितले. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत तिचे वडील गुळाच्या ढेपा घेऊन कसे जात, हेही तिनेच सांगितले.

याच फोनमुळे माझी मोठी चूक मला कळली. कादंबरीतली बाई स्वतःची गोष्ट स्वतः सांगते आणि पहिल्या सहा प्रकरणांत ती ‘मी गेले, मी जेवले’ असे छापील मराठीत बोलत होती. एका सकाळी आजी सहज म्हणाली, ‘मी काल देवळात गेलो, येताना भाजी घेऊन आलो.’ कोल्हापूरच्या बायका असेच बोलतात. मीही लग्नापर्यंत असेच बोलत होते आणि इतक्या वर्षांत ते विसरले होते. सहाही प्रकरणे तिथल्या तिथे दुरुस्त करावीत, असे तीव्रतेने वाटले. मी तसे केले नाही. समासात एक खूण केली आणि सातव्या प्रकरणापासून तिला ‘गेलो’ म्हणायला लावले. दीड तासाच्या सकाळी मागे वळले असते, तर मी अजून पहिल्याच प्रकरणात असते, याबद्दल मला शंका नाही. त्यामुळे या खर्ड्यात एकच बाई दोन प्रकारे बोलते, आणि आता तिला एका तोंडाने बोलते करायचे आहे.

अशा खुणा एकूण एकतीस आहेत. त्यांपैकी अकरांपुढे मी ‘आईला विचारणे’ असे लिहिले आहे. त्यांची यादी सोबत पाठवते. सध्या पावसाळ्यामुळे गुऱ्हाळे बंद आहेत, म्हणून प्रत्यक्ष पाहता येणार नाही; पण दुपारी आजी आडवी होण्याआधी रोज एक-दोन प्रश्न विचारलेस तर सुट्टीत यादी पुरी होईल. उत्तरे लिहिताना तिचे बोलणे सुधारू नकोस. ती ‘गेलो’ म्हणाली तर ‘गेलो’च लिही.

तुझी,
आई