फिजिक्स घ्यावं की इंजिनीअरिंग?

प्रश्न : मला फिजिक्स मनापासून आवडतं. घरचे म्हणतात, इंजिनीअरिंगमध्येही फिजिक्सच असतं, तेच घे. हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. पहिल्या वर्षी यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, कॅल्क्युलस दोन्हीकडे बरंचसं सारखं असतं. फाटा फुटतो त्यानंतर. भार पेलणारी एक तुळई घ्या. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ती का वाकते याचा माग थेट अणूंमधल्या बंधांपर्यंत काढतो. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला ती किती जाड हवी, कोणत्या पोलादाची हवी, सुरक्षितता गुणांक (अपेक्षित भाराच्या कितीपट ताकद ठेवायची) किती धरायचा हे ठरवायचं असतं, तेही खर्चाच्या मर्यादेत. हे काम जराही कमी प्रतीचं नाही, पण वेगळं आहे.

पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचे नियम) आणि सांख्यिकीय भौतिकी (असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याचा अभ्यास) बहुतेक इंजिनीअरिंग शाखांमध्ये ओझरतीच भेटते. तुम्हाला तेच खुणावत असेल, तर घरच्यांचं म्हणणं तुमच्यापुरतं लागू नाही. एक करा : दोन्ही पदव्यांची तिसऱ्या वर्षाची पुस्तकं ग्रंथालयातून आणा आणि त्यातली उदाहरणं सोडवायला बसा. बरीचशी सुटणार नाहीत, त्याची काळजी नको. अडल्यावरही कोणतं पुस्तक मिटावंसं वाटत नाही, तेवढं पाहा. कोणत्याही कलचाचणीपेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवेन.

प्रश्न : आधी इंजिनीअरिंग करून नंतर फिजिक्सकडे वळता येतं का?

येतं. पॉल डिरॅक यांची पहिली पदवी विद्युत अभियांत्रिकीची. 1933 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जॉन बार्डीन हेही मूळचे विद्युत अभियंते, आणि भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा (1956 आणि 1972) मिळवणारे ते एकमेव. मात्र दोघांनीही मधल्या काळात गणित आणि भौतिकशास्त्राचं रीतसर उच्च शिक्षण घेतलं होतं. तुम्हालाही राहिलेले विषय भरून काढावे लागतील. शाखा निवडताना इलेक्ट्रॉनिक्स किंवा मटेरियल्स अभियांत्रिकी (धातू, सिरॅमिक अशा साहित्याच्या गुणधर्मांची शाखा) घेतलीत, तर हे अंतर बरंच कमी होतं.

प्रश्न : आणि उलट? फिजिक्सच्या पदवीवर इंजिनीअरचं काम मिळेल?

क्षेत्रावर अवलंबून आहे. सेमीकंडक्टर, प्रकाशिकी (ऑप्टिक्स), संवेदक (सेन्सर), सॉफ्टवेअर इथे फिजिक्सवाल्यांना वाव आहे. मात्र प्रोग्रॅमिंग आणि प्रयोगशाळेतला हात पक्का हवा. पूल, इमारती यांच्या आराखड्यावर सही करायची असेल, तर गोष्ट वेगळी. अनेक देशांत त्यासाठी परवाना लागतो आणि तो मिळवायला सहसा मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदवीच मागतात. ही अट आधीच तपासा, पदवी हातात आल्यावर नको.

प्रश्न : माझं गणित कच्चं आहे, म्हणून इंजिनीअरिंग बरं का?

नाही. अवकल समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स) आणि रेषीय बीजगणित (लिनिअर अल्जिब्रा) दोन्हीकडे लागतंच. प्रवेशाआधीचे महिने त्यालाच द्या.