छपरांपलीकडचं दिसायला हवं असेल तर

गूगल अर्थवर लोकांना अजब गोष्टी सापडतात तरी कशा, आणि तीन रात्री जागूनही आपल्याला छपरं आणि उसाच्या फडांपलीकडे काही का दिसलं नाही, असं तुम्ही विचारलंय. मला २००६ पासून हा नाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसतं फिरत राहून फारसं काही हाती लागत नाही. काय शोधायचं ते आधी ठरवा, आणि ती गोष्ट वरून कशी दिसेल याचा विचार करा. अंटार्क्टिकातले एम्परर पेंग्विन घ्या. शोधासाठी वापरलेल्या उपग्रह चित्रांत पक्षी दिसणं शक्यच नव्हतं. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पक्षी शोधलेच नाहीत, पांढऱ्या बर्फावरचे तपकिरी डाग शोधले. ती साचलेली विष्ठा होती! २००९ साली त्यावरून दहा नव्या वसाहती उजेडात आल्या. इजिप्तच्या दक्षिण टोकाजवळचं उल्का आदळून झालेलं ४५ मीटर व्यासाचं कामिल विवरही २००८ मध्ये व्हिन्चेन्झो दे मिकेले यांना असंच संगणकावर दिसलं. वाळवंटात खड्डे काय कमी असतात? पण याच्या चहूबाजूंनी, आघाताने उडालेल्या दगडमातीचे पट्टे किरणांसारखे पसरले होते. ते ओळखायला नजर तयार लागते. आपल्याकडे ती तयार करायला लोणार आहे. १.८ किलोमीटर व्यासाचा तो गोल आणि त्याचा उचललेला काठ नीट बघा, मग एखादी दगडखाण आणि शेततळं बघा. फरक डोळ्यांत बसेल.

दुसरं, जुन्या तारखांची चित्रं. डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थमध्ये वर्षं मागे सरकवायची सोय आहे. बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत, आणि माझ्या मते खरा खजिना तिथेच आहे. माझ्या आईचं माहेर उजनी धरणात गेलं. धरण १९८० साली पूर्ण झालं, त्यामुळे मी ते गाव कधी पाहिलेलं नाही. एकदा कोरड्या वर्षातलं मे महिन्याचं चित्र उघडलं. पाणी बरंच मागे गेलेलं, उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरीचे हिरवे तुकडे, आणि त्यांना तिरकी छेदत नदीकडे जाणारी एक फिकट रेघ. आजच्या कुठल्याच बांधाशी तिचा मेळ बसेना. आईला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "ही आमची पाणंद. हिच्या टोकाला धुण्याचे दगड होते." तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. आणखी दोन उन्हाळ्यांची चित्रं काढली, धरणापूर्वीची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा तपशीलवार नकाशा, मिळवून वर ठेवली. रेघ तिन्ही ठिकाणी तिथेच होती. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, हे तुम्हाला माहीत असेल. तिथून सुरुवात करा.

फसायलाही होतं. मुंबईच्या आकाशात सप्तरंगी विमान दिसलं तर दचकू नका. काही उपग्रह लाल, हिरवा, निळा हे रंग एकाच क्षणी टिपत नाहीत. तेवढ्या वेळात विमान पुढे सरकतं आणि त्याच्या रंगीत सावल्या उमटतात. कॅनडातल्या अल्बर्टात, मेडिसिन हॅट गावाजवळ, पिसांचं शिरोभूषण घातलेला माणसाचा चेहरा दिसतो. तो धूप झालेल्या मातीचा आणि उन्हाचा खेळ आहे, त्याच्या कानात दिसणारा इअरफोन म्हणजे रस्ता आणि तेल-वायूची विहीर. म्हणून एकाच चित्रावर कधी विसंबू नका. वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांतल्या सावल्या ताडून बघा.

स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून टिपलेली चित्रं दाखवणारी गूगलची सोय, मी शोधायला कमी आणि खात्री करायला जास्त वापरतो. भारतात ते २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झालं, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक होती. वरून ओळख न पटलेला गोल टाकीचा की घुमटाचा, हे रस्त्यावर उतरलं की लगेच कळतं.

एक कळकळीची विनंती. कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पासारखं (खडकात कोरलेल्या जुन्या चित्रासारखं) काही दिसलं, तर नेमकं ठिकाण इथे टाकू नका. आधी पुरातत्त्व विभागाला कळवा. उघड्या कातळावरच्या त्या रेषांवरून गाडी गेली तरी त्या जातात.

तुमचं गाव कुठलं ते सांगा, आसपास धरण असेल तर कोणत्या उन्हाळ्याची चित्रं आधी उघडायची ते बघून कळवतो.