नर्स आणि पेशंटचं बोलणं अभ्यासायचं कसं?

प्रश्न: ताई, मी एमएस्सी नर्सिंग करतेय, कॅन्सर वॉर्डमधल्या नर्स-पेशंट संवादावर प्रबंध करायचाय. गाईड म्हणतात प्रश्नावली वाटून टाक, पण मला ते पटत नाहीये.

उत्तर: अगं, नाही पटत ते बरोबरच आहे. प्रश्नावलीत बहुतेक नर्स लिहिणार की आम्ही पेशंटचं नीट ऐकून घेतो, आणि खोटं नाही लिहीत त्या, त्यांना मनापासून तसंच वाटत असतं. म्हणून प्रत्यक्ष बोलणं रेकॉर्ड कर, अर्थात एथिक्स कमिटीची परवानगी आणि दोघांची लेखी संमती घेऊनच. सुझी विल्किन्सन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या नर्सेसचा अभ्यास मांडला, त्यात दिसलं की मनातलं अवघड काही निघालं की बोलणं दुसरीकडे वळवलं जातं. म्हणजे बघ, सलाईन लावताना पेशंट म्हणतो, "रात्री झोप नाही हो, सारखे विचार येतात," आणि नर्स म्हणते, "डॉक्टरांना सांगते, गोळी देतील." सूर प्रेमळच, पण 'कसले विचार?' हे विचारायचं राहून गेलं आणि पेशंट गप्प झाला. तुला नेमकी हीच जागा पकडायचीये.

वाक्यन् वाक्य कोड करायला, म्हणजे प्रत्येक वाक्य कुठल्या प्रकारचं आहे याची खूण करायला, डेब्रा रोटर यांची आरआयएएस (रोटर इंटरॅक्शन ॲनालिसिस सिस्टिम) पद्धत आहे, ती वाच. थोडं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाकडून वेगळं कोड करून घे, दोघींचं जुळतंय का बघ. खांद्यावर ठेवलेला हात ऑडिओत येत नाही, त्याची वहीत नोंद ठेव. आणि प्लीज, नर्सच्या चुका मोजतेय असं लिहू नकोस, एकटीकडे किती पेशंट होते तेही लिही.