गहाणखतातला 'नि. नांगर'

जुन्या भीमथडी तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे खापरपणजोबांच्या 1886 सालच्या गहाणखताची मोडी नक्कल आहे. शेवटी त्यांच्या नावापुढे 'नि. नांगर' असे शब्द आहेत. जमिनीबरोबर नांगरही सावकाराकडे गहाण पडला होता का, असा त्यांच्या खापरपणतवंडांचा प्रश्न आहे.

नाही. 'नि.' म्हणजे निशाणी. नांगर ही खापरपणजोबांची सही आहे! अक्षरओळख नसलेला माणूस कागदावर आपल्या कामाचे चिन्ह काढी आणि खत लिहिणारा त्या चिन्हाशेजारी 'निशाणी नांगर' असे नोंदवी. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी, बलुतेदारांची आपापली हत्यारे. सावकाराची किंवा कुलकर्ण्याची सही असेल तर तिथे 'दस्तुर खुद्द' दिसेल, म्हणजे स्वतःच्या हातची. अंगठ्याचा ठसा रुळल्यावर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' आले आणि नांगर-बांगड्या कागदांवरून गेल्या. नकलेत बहुधा चित्र उतरवत नाहीत, शब्द तेवढे राहतात. घोटाळा होतो तो त्यामुळे.

मात्र या नांगरावरून घरी नांगर-बैल होते असे धरू नका. निशाणी जातीच्या पारंपरिक कामाची असे. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा भूमिहीन कुणबीही नांगरच काढी. घरची खरी स्थिती कळते ती खताच्या मजकुरातून : रक्कम किती, व्याज काय, जमीन कोणती, तिच्या चतुःसीमा कोणाच्या शेतांना भिडतात. चतुःसीमा तर अगदी बारकाईने वाचा. पूर्वेला किंवा पश्चिमेला भावकीचे नाव निघाले की वाटणीचा माग लागतो.

नावेही जपून वाचावीत. 'अमुक बिन तमुक' यातला बिन म्हणजे 'चा मुलगा'. ते आडनाव नव्हे. आडनाव पुष्कळदा नसतेच. बाईच्या नावापुढे 'कोम' असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. एका खतात बिन आणि कोम दोन्ही मिळाले, तर पिढ्या जोडता येतात.

आणि 1886 हे साल मोलाचे आहे. मे 1875 मध्ये याच तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिणे त्याने बंधनकारक केले. म्हणून ज्यांच्याबद्दल एरवी कोणी ओळही लिहिली नसती, अशा माणसांचे वय, धंदा आणि गाव आज आपल्याला वाचता येते.

आता साक्षीदारांची नावे उतरवून घ्या. साक्षीला सहसा गावचे किंवा नात्यातले लोक असत. ती नावे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहा.