पहिला मल्टी-टूल चाकू घेताना
अवजारांची संख्या बघून भुलू नका. रोज लागतात ती चारच: पातं, कात्री, स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायचं अवजार. मिटलेला असताना 91 मिलिमीटर लांबीचा, दोन-तीन थरांचा (थर म्हणजे मुठीत शेजारी-शेजारी बसवलेल्या अवजारांची एक ओळ) चाकू पुरतो. जाडजूड घेतलात तर तो खिशाला जड होऊन घरीच पडून राहतो.

अशा बऱ्याच चाकूंचं पातं उघडल्यावर लॉक होत नाही. म्हणून टोकाने भोक पाडू नका, ते बोटांवर मिटतं. उचकटायलाही वापरू नका, टोक तुटतं.

सांध्यात खिशातला कचरा साचला की अवजारं अडखळतात. कोमट पाण्यात बुडवून पाच-सहा वेळा उघडमीट करा, पूर्ण वाळवा, मग प्रत्येक सांध्यात मिनरल ऑइलचा एकच थेंब. खाण्याचं तेल मात्र नको, ते चिकटून बसतं. धार लावताना पातं दगडाशी प्रत्येक बाजूने 15 ते 20 अंशांत धरा. विमानप्रवासात चाकू चेक-इन सामानातच ठेवा.