डोलकाठी अजून चिकटवू नका

प्रश्न : मी फैजपूरचा सेवानिवृत्त शिक्षक. शिडाच्या जुन्या जहाजांच्या हातानं घडवलेल्या प्रतिकृती जमवतो. परराज्यातल्या विक्रेत्याकडून ‘ट्रिंकोमाली’ ४२,००० रुपयांना ऑनलाइन मागवली. जाहिरातीत ‘अस्सल सागवान’ लिहिलं होतं. ट्रान्सपोर्टनं आली ती मागची डोलकाठी मोडून. पेटी न उघडताच मी ‘माल सुस्थितीत’वर सही केली होती. बुडाची फळी उचकटली होती, आत एमडीएफ (दाबलेल्या भुशाची फळी) निघाला. फोटो जोडलाय. विक्रेता म्हणतो, बिलावर ‘विकलेला माल परत नाही’ असं आहे. शिवाय तुम्ही पूर्वी दोन जहाजं विकलीत, म्हणजे तुम्ही व्यापारी. ती मी घरात जागा करायला काढली होती. आता काय करू?

उत्तर : गुरुजी, फोटो मोठा करून पाहिला. वर सागाच्या रेषा छापलेला कागद, खाली दाबलेला भुसा. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला साग ओळखायला शिकवावं लागत नाही. मूळ ट्रिंकोमाली १८१७ साली मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं मलबारी सागात बांधली, आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती अजून पाण्यावर आहे. त्या जहाजाचं मोलच सागात आहे, म्हणून तुमचा राग मला पुरता समजतो.

डोलकाठी आणि लाकूड, ही दोन भांडणं आहेत. ती वेगळी ठेवा.

लाकडाबाबत विक्रेता सुटत नाही. वर्णन सांगून माल विकला तर माल वर्णनासारखाच हवा, असं माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं. जाहिरातीपेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला ऑनलाइन विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे २०२० च्या ई-व्यापार नियमांत आहे. बिलावरची ओळ तिथे टिकत नाही.

व्यापारी ठरलात तर ग्राहक म्हणून तक्रार करता येणार नाही, असा त्याचा डाव आहे. पण ‘व्यापारी’ म्हटल्यानं कोणी व्यापारी होत नाही. खरेदी व्यापारासाठी होती हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय. जागा करायला दोन नग काढले, एवढं खरं-खरं सांगा. लपवू मात्र नका, उलटतपासणीत तेच अंगावर येतं.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा. तुम्ही राहता तिथे करण्याची मुभा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. लाकडावर वाद झाला तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच हात जोडून सांगतो, दुरुस्ती करू नका. गोंद लागला की पुरावा गेला.

डोलकाठीचं प्रकरण कच्चं आहे. पेटी न उघडता ‘माल सुस्थितीत’वर तुम्ही सही केलीत. तरी माल बुक झाल्यापासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस गेलीच पाहिजे, नाहीतर दावाच लावता येत नाही. बिल्टीवरची (ट्रान्सपोर्टच्या पावतीवरची) तारीख आजच बघा.

विक्रेत्याला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टनं धाडा. त्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, तो ती काढून टाकेल. निखळलेला तुकडा पाकिटात घालून वर तारीख टाका.